रीफ टँकवर जांभळा प्रकाश: कोणती एलईडी, किती वॉट, कशी वाढवायची

कोरलच्या (जिवंत प्रवाळाच्या) टाकीसाठीच्या लाइटवर ‘यूव्ही’ छापलेलं नसेल तर हल्ली गिऱ्हाईक तो हातातही घेत नाही. पण त्या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि पैसे वाया जातात ते त्या गोंधळापायी.

पहिली यूव्ही-सी. पाणी निर्जंतुक करणाऱ्या स्टेरिलायझरमधली २५४ नॅनोमीटरची (नॅनोमीटर हे प्रकाशाच्या तरंगलांबीचं माप) नळी ती हीच. बंद नळकांड्यात राहून ती वाहत्या पाण्यातले जंतू आणि तरंगतं शेवाळ मारते. टाकीवर ती उघडी कधीही लावायची नाही. कोरल, मासे आणि तुमचे डोळे सगळ्यांचंच नुकसान होईल. दुसरी खरी अतिनील, म्हणजे यूव्ही-ए: ३१५ ते ४०० नॅनोमीटर. एलईडीत ती ३६५, ३८५ आणि ३९५ अशा चिपमध्ये मिळते. तिसरी ४०० ते ४३० नॅनोमीटरची. ही अतिनील नाहीच, दृश्य प्रकाशाच्या अगदी कडेचा जांभळा रंग आहे. बाजारातल्या बहुतेक लाइटांचा ‘यूव्ही’ चॅनेल (एकत्र कमी-जास्त होणारा चिपांचा गट) ३९५ ते ४१० च्या घरात असतो आणि ‘व्हायोलेट’ चॅनेल ४१५ ते ४३० च्या. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न एकच विचारायचा: चिपचं शिखर किती नॅनोमीटरला आहे? ‘यूव्ही आहे ना साहेब’ हे उत्तर नव्हे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. मुख्य भर ४२० वर द्या, जोडीला थोडं ४०५ घ्या. ३९५ च्या खालचं काहीच नसलं तरी टाकीचं काही अडत नाही. ३६५ ची चिप महाग असते, तिची कार्यक्षमता कमी असते आणि तिचा बराचसा प्रकाश लाइटच्या पुढच्या प्लास्टिकमध्येच अडकतो.

जांभळ्याचं काम काय

कोरलच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल, झूझॅन्थेली, अन्न तयार करतं ते क्लोरोफिल-ए, क्लोरोफिल-सी२ आणि पेरिडिनिन या रंगद्रव्यांच्या जोरावर. क्लोरोफिल-ए निळ्या बाजूला ४३०-४४० च्या आसपास सर्वाधिक प्रकाश शोषतं, सी२ त्याच्या जरा पुढे, पेरिडिनिन ४७० पासून हिरवट पट्ट्यापर्यंत. म्हणजे ४२० चा प्रकाश शैवालाच्या उपयोगी पडतो हे खरं, पण ४५० चा रॉयल ब्लू काही त्याच्या मागे नाही. नुसत्या वाढीसाठी जांभळ्यात जादू नाही. फक्त रॉयल ब्लू आणि थोड्या पांढऱ्यावरही कोरल उत्तम वाढतात.

जांभळ्याची खरी कमाई रंगात आहे. कोरलच्या अंगातली चमकणारी प्रथिनं कमी तरंगलांबीचा प्रकाश घेऊन जास्त तरंगलांबीचा बाहेर टाकतात. निळसर चमकणारी प्रथिनं ४०० ते ४५० च्या प्रकाशावर पेटतात, हिरवी बहुतांशी त्यापुढच्या निळ्यावर. काही लाल रंगांची गोष्ट निराळी आहे. ट्रॅकीफिलिया कोरलमधलं ‘काएदे’ नावाचं प्रथिन जपानी संशोधकांनी २००२ मध्ये जगापुढे आणलं. ते आधी हिरवं असतं, ३५० ते ४०० च्या आसपासचा प्रकाश पडला की लाल होतं आणि परत हिरवं होत नाही. लोबोफिलियातही याच जातीचं प्रथिन सापडलं आहे. म्हणून अशा कोरलच्या लाल भागाला ४०५ चा थोडा डोस कामी येतो. प्रत्येक लाल कोरल या जातीचा नसतो, तेव्हा झोअँथसच्या लाल चकत्या फिक्या पडल्या की लगेच यूव्ही वाढवायला धावू नका.

अ‍ॅक्रोपोराची जांभळी टोकं, पोसिलोपोराचा गुलाबी रंग यांचा मामला आणखी वेगळा. ही बहुतेक क्रोमोप्रोटीनं असतात. ती चमकत नाहीत, नुसता प्रकाश शोषतात. निळ्या प्रकाशाचं प्रमाण वाढलं की कोरल ती जास्त तयार करतो, पण ती दिसायला पांढरा प्रकाश लागतो. नुसत्या निळ्या-जांभळ्यात तीच टोकं काळपट दिसतात आणि मालकाला वाटतं कोरल मरतोय. पांढरा चॅनेल पूर्ण बंद करू नये तो यासाठी.

डोळा फसवतो, मीटरही फसवतो

या विषयातली निम्म्याहून जास्त नुकसानं इथे होतात. माणसाच्या डोळ्याची संवेदना ५५५ नॅनोमीटरला १ धरली, तर ४५० ला ती ०.०३८, ४२० ला ०.००४ आणि ४०० ला ०.०००४ एवढीच उरते. म्हणजे तेवढ्याच ताकदीचा ४०० चा झोत डोळ्याला ४५० च्या शंभराव्या हिश्शाइतका मंद भासतो. स्लायडर वर नेला तरी टाकीत फरक पडल्यासारखं वाटत नाही, म्हणून आणखी वर, मग आणखी. आठवड्याने अ‍ॅक्रोपोराची वरची बाजू पांढरी.

लक्स मीटर आणि मोबाइलमधली लक्स अ‍ॅपं डोळ्याच्याच मापाने चालतात. इथे ती निरुपयोगी. पार, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाच्या उपयोगी पडणारा प्रकाश, मोजणारा पार मीटरही डोळे झाकून मानू नये. अपोजी कंपनीचा जुन्या पिढीचा सेन्सर साधारण ४१० ते ६५५ नॅनोमीटर पाहतो, एमक्यू-५१० हा नवा मीटर ३८९ ते ६९२. त्यामुळे ४०५ चा बराच प्रकाश जुना मीटर मोजतच नाही आणि ३८५ चा तर दोघांनाही जेमतेमच कळतो. पाण्याखाली मोजताना जुन्या सेन्सरच्या आकड्याला १.०८ ने गुणावं लागतं. एमक्यू-५१० ती दुरुस्ती स्वतःच करतो. मीटर मित्राकडून मागून आणला असेल तर त्याची पिढी आधी बघा.

म्हणून जांभळ्याचा डोस ठरवायचा तो वॉटवर, आणि पडताळायचा कोरलकडे बघून.

किती वॉट: ९० × ४५ × ४५ सेंमी टाकीचा हिशेब

तीन फुटी टाकी, १८० लिटरच्या आसपास पाणी, आत सॉफ्ट (मऊ), एलपीएस (मोठ्या तोंडांचे कठीण) आणि वर थोडे एसपीएस (बारीक तोंडांचे कठीण) कोरल. पाण्याचा पृष्ठभाग ०.४०५ चौरस मीटर. सरासरी २०० पार हवा असेल, तर सेकंदाला ८१ मायक्रोमोल प्रकाश पाण्यात उतरला पाहिजे.

एक वॉट शुद्ध प्रकाश ४५० ला ३.७६ मायक्रोमोल देतो, ४२० ला ३.५१, ४०० ला ३.३४. चांगली निळी-जांभळी एलईडी विजेचा साधारण निम्मा भाग प्रकाशात बदलते, बाकीची उष्णता होते. त्यातलाही चाळीस-पन्नास टक्के प्रकाश भिंग, झाकण, पाण्याचा पृष्ठभाग आणि बाजूच्या काचांतून निसटतो. हातात उरतो तो भिंतीतून ओढलेल्या एका वॉटमागे साधारण एक मायक्रोमोल. म्हणजे ८० ते ९० वॉट लागतील. १०० ते ११० वॉटचा लाइट घेऊन तो ८० टक्क्यांवर चालवणं सगळ्यात शहाणपणाचं. चिप थंड राहतात आणि टिकतात. टाकीत फक्त सॉफ्ट आणि एलपीएस असतील तर याच्या निम्मं पुरतं.

आता ९० वॉटची वाटणी. ४५० ला ३६ वॉट, ४७० ला २०, ४२० ला १७, ४०५ ला ६, आणि ४००० ते ६५०० केल्विनच्या पांढऱ्याला १०. हौस असेल तर ३९५ ला वॉट-दोन वॉट, त्याहून जास्त नको. जांभळं सगळं मिळून एकूण विजेच्या पंचवीस-तीस टक्क्यांच्या वर गेलं की दिसण्यात भर पडत नाही, जोखीम मात्र वाढत जाते.

‘जांभळा पाण्यात खोल जात नाही’ असं बरेच जण सांगतात. स्वच्छ समुद्राच्या पाण्यात उलट आहे: आधी लाल संपतो, निळा-जांभळा खोलवर पोचतो. ४५ सेंमीच्या टाकीत पाण्यामुळे होणारी घट नगण्य. जांभळा अडवतं ते पिवळसर पाणी, त्याबद्दल पुढे.

तयार लाइट घेताना

यूव्ही आणि व्हायोलेट हे वेगळे चॅनेल म्हणून हाताळता यायला हवेत. एआय हायड्रा आणि इकोटेक रेडिऑन या दोन्ही घराण्यांत तशी सोय आहे. स्वस्तातल्या ‘ब्लॅक बॉक्स’ लाइटमध्ये ५५ चिप असतात, खोक्यावर १६५ वॉट लिहिलेलं असतं आणि भिंतीतून प्रत्यक्षात १२० च्या आसपास ओढले जातात. त्यातल्या दोन-चार जांभळ्या चिप निळ्याच चॅनेलवर टांगलेल्या असतात, त्यामुळे एकट्या जांभळ्याला कमी-जास्त करता येत नाही. साध्या टाकीला तो लाइट चालतो. फक्त त्यावर ‘फुल स्पेक्ट्रम यूव्ही’ म्हणून जास्तीचे पैसे मोजू नयेत.

टक्क्यांच्या भाषेवरही विसंबू नका. एका मॉडेलचे यूव्ही ५० टक्के म्हणजे दुसऱ्याचे ५० टक्के नव्हेत. चॅनेलनिहाय वॉट मागून घ्या. मिळत नसतील तर भिंतीच्या प्लगमध्ये वीज मोजणारा मीटर लावून एकेक चॅनेल पूर्ण करून बघा आणि सगळे बंद असतानाचा आकडा त्यातून वजा करा.

समोरचं प्लास्टिक काय आहे तेही विचारा. पॉलिकार्बोनेट ४०० च्या खालचं जवळजवळ सगळं गिळतं आणि कालांतराने पिवळं पडतं. अ‍ॅक्रिलिक बरं, पण उन्हापासून टिकावं म्हणून ज्यात यूव्ही-रोधक मिसळलेला असतो ते अ‍ॅक्रिलिक ३९५ ची चिप फुकट घालवतं. साध्या काचेतून ४०० चा प्रकाश आरामात जातो.

घरच्या घरी पडताळणीला टॉनिक वॉटर घ्या. त्यातलं क्विनिन अतिनील प्रकाशात फिकट निळं चमकतं. खोलीत अंधार करून पेल्यावर एकच चॅनेल लावायचा: ३६५ ते ३९५ वर पाणी स्पष्ट उजळतं, ४०५ वर जेमतेम, ४२० वर नाहीच. पाचशेच्या नोटेवरचे क्रमांकही अतिनीलमध्ये चमकतात, पण ३९५ च्या चिपचा स्वतःचा जांभळा उजेड त्यावर पसरतो, म्हणून टॉनिक वॉटर जास्त खात्रीचं.

स्वतः बनवणार असाल तर

जुन्या निळ्या-पांढऱ्या लाइटला जांभळ्याची जोड द्यायची असेल, तर नवा लाइट घेण्यापेक्षा एक पट्टी बनवणं स्वस्त पडतं. वरच्या टाकीसाठी सामान असं:

- ४२० नॅनोमीटरच्या १० आणि ४०५ च्या ५ चिप, ३ वॉट वर्गातल्या, २० मिमी अ‍ॅल्युमिनियम स्टारवर बसवलेल्या
- मीन वेल कंपनीचे ड्रायव्हर (चिपला ठरावीक प्रवाह देणारे): एलडीडी-५००एच २ नग, एलडीडी-३५०एच १ नग
- २४ व्होल्ट, ६० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठा)
- ६० सेंमी लांब, पंख असलेली अ‍ॅल्युमिनियम हीटसिंक, थर्मल पेस्ट, एम३ स्क्रू, १२ व्होल्टचा पंखा आणि त्याच्यासाठी वेगळा छोटा अ‍ॅडाप्टर

ड्रायव्हर आणि एसएमपीएससाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड आहेच. चिप मात्र डेटाशीट देणाऱ्याकडूनच घ्या. पाच मिलिमीटरच्या गोल, पाय असलेल्या ‘यूव्ही एलईडी’ घेऊ नका. त्यांचं इपॉक्सीचं डोकं स्वतःच्याच प्रकाशाने पिवळं पडतं. सिलिकॉनचं किंवा काचेचं भिंग असलेली चिप हवी.

जोडणी पाच-पाच चिपच्या मालिकेत करायची. एका चिपवर साधारण ३.४ व्होल्ट पडतात, पाचांवर १७. एलडीडी हा व्होल्टेज उतरवणारा ड्रायव्हर आहे, इनपुट आउटपुटपेक्षा किमान ३ व्होल्ट जास्त लागतो. २४ व्होल्टवर पाच चिप निवांत चालतात. सहा लावल्या तर २०.४ अधिक ३, म्हणजे अगदी काठावर. चिप थंड असताना तिचा व्होल्टेज चढलेला असतो, मग सकाळी लाइट लुकलुकतो आणि दोष ड्रायव्हरला दिला जातो. सातवी लावण्याचा तर प्रश्नच नाही.

स्टारखाली पेस्टचा पातळ थर द्या, पेस्ट कडेने ओघळली तर जास्त झाली. इनपुटची ऋण आणि आउटपुटची ऋण तार एकत्र करू नका; या ड्रायव्हरमध्ये त्या वेगळ्या ठेवायच्या असतात, एकत्र केल्या तर चिप किंवा ड्रायव्हर जातो. वीज चालू असताना चिपची तार काढू-लावू नका. मंद करण्यासाठी १०० ते १००० हर्ट्झचा पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद होणारा) सिग्नल लागतो. आर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डाचा ४९० हर्ट्झ चालतो, ईएसपी३२ वर फ्रिक्वेन्सी मुद्दाम ५०० ला ठेवावी.

एक मेख इथे आहे. एलडीडीची डिमिंगची तार सुटली, तर ड्रायव्हर बंद पडत नाही, पूर्ण ताकदीने चालू होतो. तुम्ही चार दिवस गावाला गेलात आणि मीठ बसून ती तार तुटली, की जांभळा शंभर टक्के. ७०० मिलिअँपिअर सोसणाऱ्या चिपना आम्ही ५०० आणि ३५० चे ड्रायव्हर सांगितले ते एवढ्याचसाठी: बिघाड झाला तरी डोस १७ आणि ६ वॉटच्या वर जाऊ शकत नाही. ती जोडणी झाळून त्यावर हीटश्रिंक चढवा, ब्रेडबोर्डवर ठेवू नका.

उन्हाळ्यात आपल्याकडे खोलीच ३३-३५ अंशांवर असते. तासभर चालल्यावर हीटसिंकवर तळहात पाच सेकंद टेकवता येत नसेल तर ती ५५-६० अंशांच्या वर आहे, पंखा वाढवा. उष्णतेने जांभळ्या चिप निळ्यापेक्षा लवकर उतरतात.

चिपची मांडणी करताना जांभळ्या एका टोकाला, निळ्या दुसऱ्या टोकाला असं केलंत तर खडकांच्या कडेला जांभळ्या-निळ्या सावल्या नाचतात. ४०५ च्या प्रत्येक चिपशेजारी दोन ४२० ठेवा आणि पट्टी निळ्या लाइटला अगदी खेटून लावा. १२० अंशांचा पसारा असेल तर पाण्यापासून २० ते २५ सेंमी उंची पुरते.

वायर सॉकेटच्या खाली झोका घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडतं. टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा. जांभळ्या चिपकडे सरळ पाहू नका. मंद दिसते म्हणून बुबुळ आकसत नाही आणि प्रकाश पूर्ण आत जातो. चाचणी करताना यूव्ही४०० लिहिलेला चष्मा घाला. तो ४२० आणि ४५० अडवत नाही, त्यामुळे चष्मा असला तरी रोखून बघणं नकोच.

चढवायचं कसं

नव्या जांभळ्याची सुरुवात २५ टक्क्यांवर. आठवड्याला पाच टक्के वाढवा. एलपीएस-सॉफ्टच्या टाकीत ५० ला थांबा, एसपीएस असतील तर ६० ते ७० पर्यंत जा. दोन महिने लागतात. त्या काळात दुसरं काही बदलू नका: ना मिठाचा ब्रँड, ना खुराक, ना पंपाची दिशा. नाहीतर कशाने काय झालं याचा पत्ता लागत नाही. जांभळा निळ्याबरोबर नऊ-दहा तास चालवा, त्यातले मधले सहा तास ठरलेल्या टक्क्यांवर, बाकी चढ-उतार.

प्रकाशाचा मार लगेच दिसत नाही. तीन ते दहा दिवस जातात. वरच्या पृष्ठभागावर रंग उडतो आणि सावलीतली बाजू ठीक असते, तेव्हा तो प्रकाशाचाच मार. सगळीकडून सारखा फिका पडत असेल तर नायट्रेट-फॉस्फेट तपासा. नायट्रेट ५ ते १५ पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असू द्या. दोन्ही शून्यावर आणून वर तेज निळा-जांभळा लावणं म्हणजे उपाशी माणसाला उन्हात उभं करणं. कोरल तपकिरी होत असेल तर बहुधा प्रकाश कमी किंवा पोषण जास्त. तिथे आठवड्याची पाच टक्क्यांची वाढ चालू ठेवा. मार बसलाच तर लाइट एकदम बंद करू नका. जांभळा पुन्हा २५ वर आणा, एकूण प्रकाश एक पंचमांशाने उतरवा आणि तीन आठवडे हात लावू नका.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, पाण्यातला रंग शोषून घेणारा कोळसा. महिनोन्‌महिने कार्बन न बदललेल्या टाकीचं पाणी हळूहळू पिवळसर होतं आणि ती पिवळाई नेमका जांभळाच सर्वाधिक शोषते. तुम्ही भरपाई म्हणून स्लायडर वर नेता. मग एक दिवस नवा कार्बन घालता, दोन दिवसांत पाणी स्वच्छ होतं आणि कोरलवर अचानक कितीतरी जास्त जांभळा पडतो. दोष कार्बनला दिला जातो. कार्बन घालायच्या आदल्या दिवशी जांभळा पंधरा-वीस टक्क्यांनी उतरवा, आठवड्याने परत चढवा. शंका असेल तर पांढऱ्या बादलीत टाकीचं पाणी आणि शेजारच्या बादलीत ताजं मिठाचं पाणी ठेवून दिवसाच्या उजेडात बघा. पिवळाई लगेच कळते.

कोरल कुठून आणायचे हेही इथेच सांगून ठेवलेलं बरं. खडक बांधणारे सगळे कठीण कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवण असो की लक्षद्वीप, पाण्यातून तुकडा उचलणं गुन्हा आहे. बाहेरून येणाऱ्या कठीण कोरलसाठी साइट्सची (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराची) कागदपत्रं लागतात. विकणाऱ्याकडे ती मागा. तो टाळाटाळ करत असेल तर तिथून घेऊ नका.

देखभाल

भिंगावर बसणारं मीठ आठवड्यातून एकदा आरओ पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसा, लाइट बंद आणि थंड असताना. अ‍ॅक्रिलिकला अल्कोहोल लावू नका, बारीक तडे जातात. सहा महिन्यांनी प्रत्येक चॅनेलचे वॉट पुन्हा मोजून सुरुवातीच्या आकड्यांशी ताडून बघा. वॉट तेवढेच असून कोरलची चमक उतरली असेल, तर चिप म्हातारी झाली किंवा भिंग पिवळं पडलं. भिंग पांढऱ्या कागदावर धरलं की पिवळेपणा दिसतो. चिप किंवा भिंग बदललंत की त्या चॅनेलची चढण पुन्हा २५ टक्क्यांपासून सुरू करा. जुना आकडा जुन्या चिपचा होता.